पिंप, पन्हळ आणि फ्रीजमागचा ट्रे : डेंग्यू-मलेरियाचे डास आपल्या घरात कुठे वाढतात

पावसाळ्यात शाळेचा हजेरीपट उघडला की आसपासच्या गावांची तब्येत कळते. जुलै अर्धा सरला की एकेका वर्गात चार-पाच नावांपुढे गैरहजेरी लागू लागते. घरी फोन केला की ठरलेलं उत्तर येतं, "ताप आलाय सर, हवा बदलली ना!" श्रीवर्धन असो, म्हसळा असो की खाडीपलीकडचं मुरूड, हे उत्तर सगळीकडे सारखंच.

हवेचा दोष एवढाच की ती पाऊस आणते. पुढचं काम डास करतात, आणि डासांना राहायला जागा आपण देतो. डासांपासून बचावाची पत्रकं दरवर्षी येतात, पण ती बहुतेक शहरातल्या फ्लॅटसाठी लिहिलेली असतात. त्यांत आपली वाडी नसते, उलटी घालून ठेवलेली होडी नसते, मशिदीचा हौज नसतो आणि वर्षभर कुलूप लागलेलं कुवेतवाल्यांचं घरही नसतं. म्हणून हा लेख रायगडच्या किनारपट्टीवरची आपली घरं डोळ्यांसमोर ठेवून लिहीत आहोत.

आधी आमच्याच घरची गोष्ट

काही वर्षांपूर्वी ऑगस्टमध्ये आमच्या धाकट्या मुलीला ताप भरला. गंमत म्हणजे त्याच आठवड्यात आम्ही शाळेत मुलांकडून डास प्रतिबंधाचे तक्ते करून घेत होतो. मुलीला जवळच्या दवाखान्यात नेलं, एक इंजेक्शन मिळालं, अंगदुखी थोडी कमी झाली. चौथ्या दिवशी सकाळी ताप उतरला. घरात सगळ्यांनी अल्लाहचे आभार मानले, शेजारच्या खालांनी खिचडी पाठवली. संध्याकाळी मुलीच्या पोटात दुखू लागलं, तीन-चार उलट्या झाल्या, हातपाय गार पडले आणि ती हाक मारली तरी नीट उत्तर देईना. 'तापानंतरचा अशक्तपणा असेल' असं म्हणत आम्ही दोन तास घालवले. मग गाडी केली आणि भर पावसात माणगावच्या रस्त्याला लागलो.

मोठ्या रुग्णालयातल्या डॉक्टरांनी तपासलं आणि सांगितलं की हा डेंग्यू आहे, आणि डेंग्यूत ताप उतरल्यानंतरचे एक-दोन दिवसच सर्वांत जपायचे असतात. तीन दिवस सलाइनवर काढून मुलगी घरी आली. आठवड्याभराने आरोग्य कर्मचारी घर तपासायला आले. त्यांनी पिंपं पाहिली, कुंड्या पाहिल्या आणि मग फ्रीज भिंतीपासून ओढायला सांगितला. मागच्या ट्रेमध्ये बोटभर पाणी होतं आणि त्यात अळ्या वळवळत होत्या. तक्ते करून घेणाऱ्या मास्तरांच्या घरात!

सगळे डास सारखे नसतात

डास म्हटलं की आपल्याला गटार आठवतं. गटारातला डास क्युलेक्स. रात्री कानाशी गुणगुणून झोप उडवतो तो हाच. हत्तीपाय, म्हणजे फायलेरिया, याच्यामुळे पसरतो. त्याचं खरं माहेर म्हणजे सेप्टिक टँक. टँकच्या उभ्या व्हेंट पाइपमधून डास आत-बाहेर करतात. पाइपच्या तोंडाला नायलॉनची बारीक जाळी घट्ट बांधली, टँकच्या झाकणाच्या फटी सिमेंटने बुजवल्या की काम झालं. दहा-वीस रुपयांची जाळी आणि एक शिडी, एवढाच खर्च आहे. तरीही आपल्या गावांतून फिरताना बहुतेक पाइप उघडेच दिसतात.

डेंग्यू आणि चिकुनगुनिया पसरवणारा एडिस याहून वेगळा. काळा, अंगावर आणि पायांवर पांढरे पट्टे, म्हणून त्याला टायगर मच्छर म्हणतात. त्याला घाण पाणी नको, स्वच्छ साठवलेलं पाणी हवं. तो दिवसा चावतो, विशेषतः सकाळी आणि दुपार कलल्यापासून मगरिबपर्यंत. पायाच्या घोट्याला, पोटरीला गुपचूप चावतो, फारसा आवाजही करत नाही. आणि तो फार लांब उडत नाही. साधारण काही शे मीटरच्या आतच त्याचं आयुष्य जातं. म्हणजे आपल्याला चावलेला एडिस बहुधा आपल्या किंवा शेजारच्या घरीच वाढलेला असतो. ग्रामपंचायतीने गटारं साफ केली नाहीत म्हणून आम्हाला डेंग्यू झाला, ही तक्रार आम्ही स्वतः अनेकदा केली आहे. गटारं साफ व्हायलाच हवीत, पण डेंग्यूचा जाब विचारायचा तर आधी आपल्या पिंपाचं झाकण उचलावं लागेल.

मलेरियाचा डास ॲनॉफिलीस. तो संध्याकाळनंतर आणि रात्री चावतो. बसताना शेपटीकडची बाजू वर उचलून, तिरका बसतो. त्याच्या काही जाती भातखाचरांत आणि संथ ओढ्यांत वाढतात, तर एक जात, ॲनॉफिलीस स्टीफेन्सी, विहिरी, गच्चीवरच्या टाक्या आणि बांधकामावरचं पाणी पसंत करते. पनवेल-उरण पट्ट्यात गेली कित्येक वर्षं बांधकामांची रांग लागली आहे. स्लॅबला पाणी मारण्यासाठी वर आळी करून पाणी साठवतात, ते आठ-आठ दिवस तसंच राहतं. आपल्या गावांतही आखाती पैशातून घरं उभी राहतात तेव्हा हेच होतं. घराचं काम चालू असेल तर मिस्त्रीला सांगून आठवड्यातून एकदा स्लॅबवरचं पाणी आणि विटा भिजवायचा हौद पूर्ण कोरडा करून घ्या.

विहिरीतल्या डासांची गोष्ट मुंबईने शंभर वर्षांपूर्वीच अनुभवली आहे. डॉ. बेंटली यांनी १९११ मध्ये मुंबईतल्या मलेरियावर अहवाल दिला आणि बोट दाखवलं ते घराघरांतल्या विहिरींकडे. विहिरी बुजवायला, झाकायला सुरुवात झाली तेव्हा धार्मिक कारणांवरून विरोधही झाला. त्याच्याही आधी, २० ऑगस्ट १८९७ रोजी, सिकंदराबादला रोनाल्ड रॉस यांना ॲनॉफिलीस डासाच्या पोटात मलेरियाचे जंतू सापडले. म्हणून २० ऑगस्ट हा जागतिक डास दिन. रॉसना १९०२ चं नोबेल मिळालं हे पाठ्यपुस्तकांत असतं. पण ज्याच्या अंगावर ते डास सोडले होते तो मलेरियाचा रुग्ण हुसेन खान, आणि चावलेल्या प्रत्येक डासामागे त्याला एक आणा मिळत होता, हे आम्ही मुलांना मुद्दाम सांगतो. पुढे कलकत्त्याच्या कामात त्यांचा मदतनीस होता महंमद बक्ष. ही नावंही मुलांच्या कानांवर पडली पाहिजेत.

आठवडाच का?

'आठवड्यातून एक दिवस कोरडा दिवस पाळा' असं आशाताई सांगून जातात. आठवडाच का, हे कळलं की माणूस टाळाटाळ करत नाही. एडिसची मादी एका वेळी शंभरच्या आसपास अंडी घालते. पावसाळ्याच्या उबेत अंड्यातून अळी, अळीचा कोष आणि कोषातून डास, हा प्रवास सात ते दहा दिवसांत पुरा होतो. सात दिवसांच्या आत भांडं रिकामं केलं तर अळीला पंख फुटण्याआधीच ती मरते. दहाव्या दिवशी केलं तर आपण रिकामी झालेली शाळा झाडतोय.

दुसरी गोष्ट बहुतेकांना ठाऊक नसते. एडिस अंडी पाण्यात सोडत नाही, पाण्याच्या रेषेच्या थोडं वर, भांड्याच्या ओल्या भिंतीला चिकटवते. पाणी ओतून दिलं तरी अंडी तिथेच राहतात, आणि कोरडी राहूनही महिनोन्महिने जिवंत असतात. मेमध्ये कोरडं ठणठणीत पडलेलं पिंप जूनच्या पहिल्या पावसात भरतं आणि गेल्या वर्षीची अंडी उबतात. म्हणून नुसतं पाणी ओतून भागत नाही. पिंपाची आतली बाजू ब्रशने किंवा नारळाच्या काथ्याने खसाखसा घासली पाहिजे, कडेपर्यंत. मग उलटं घालून वाळवायचं.

हे मुलांना पटवायला आम्ही सातवीच्या वर्गात एक बरणी ठेवतो. घरच्या कुठल्याही साठलेल्या पाण्यातून अळ्या आणायच्या, बरणीच्या तोंडाला मलमल आणि रबर बँड लावायचा आणि रोज निरखायचं. अळ्या पाण्याच्या पृष्ठभागाला आडव्या चिकटल्यासारख्या दिसल्या तर ॲनॉफिलीस, डोकं खाली करून तिरक्या लोंबकळत असतील तर एडिस किंवा क्युलेक्स. काही दिवसांत बरणीत डास उडू लागतात. 'हे आमच्या मोरीतल्या बादलीतले आहेत' असं एकदा एका मुलाने मोठ्या अभिमानाने सांगितलं आणि वर्ग हसला. पण त्या मुलाच्या घरची बादली तेव्हापासून रोज उलटी असते. (बरणी उघडण्याआधी तीत साबणाचं पाणी ओतायचं, एकही डास सुटता कामा नये.)

आपल्या घरातल्या आणि वाडीतल्या जागा

आपल्याकडे पाणी साठवणं ही हौस नाही, गरज आहे. कुठे नळ एक दिवसाआड येतो, कुठे मेमध्ये टँकरची वाट पाहावी लागते. त्यामुळे न्हाणीघरात पिंप, स्वयंपाकघरात हंडे-कळश्या, मागीलदारी दगडी डोण आणि गच्चीवर टाकी, असं पाणी जागोजागी असतं. साठवू नका असं सांगणारा माणूस कोकणात राहिलेला नसणार. साठवा, पण झाका. पिंपाला नुसता पत्रा ठेवून चालत नाही, फटीतून डास जातो. जुन्या ओढणीचं किंवा लुंगीचं कापड पिंपाच्या तोंडावर ताणून दोरीने बांधलं की तेवढं पुरतं. रात्री भांडी झाकून ठेवावीत ही तर आपल्या घरांतली फार जुनी शिकवण. आपल्या नबींची (स.) ती सुन्नत आहे हे वडीलधाऱ्यांकडून आपण ऐकत आलो. प्लॅस्टिकची पिंपं आल्यापासून ती सवय कुठेतरी सुटली.

न झाकता येणाऱ्या विहिरीत आणि डोणीत गप्पी मासे सोडावेत. हे मासे डासांच्या अळ्या खातात, पिल्लं घालतात आणि फारशी निगा मागत नाहीत. प्राथमिक आरोग्य केंद्रात किंवा हिवताप विभागाच्या कर्मचाऱ्यांकडे विचारलं तर मिळण्याची सोय कळते. त्यांना ओढ्या-नद्यांत मात्र सोडू नये, तिथल्या स्थानिक माशांना त्रास होतो.

वाडीतल्या जागा डोळ्यांना पटकन दिसत नाहीत. श्रीवर्धनची सुपारी नावाजलेली, पण पोफळीच्या पानाचा तो रुंद देठ गळून पडला की होडीसारखा उताणा पडतो आणि त्यात ओंजळभर पाणी साठतं. नारळाची पोय तशीच. शहाळी पिऊन टाकलेल्या कवट्या आणि करवंट्या तर विचारूच नका. वाडीत येणाऱ्या पाहुण्यांना शहाळं देणाऱ्यांनी कवट्यांचा ढीग रोजच्या रोज कापून उलटा करावा किंवा खड्ड्यात पुरावा. कौलारू घराची पन्हळ पानांनी तुंबली असेल तर वर एक लांबच लांब डबकं तयार असतं, ते खालून दिसत नाही. जून लागण्याआधी एकदा आणि मग दर पंधरवड्याला पन्हळ हाताने साफ करून घ्यावी.

३ जून २०२० ला निसर्ग चक्रीवादळ याच किनाऱ्यावर आलं तेव्हा हे सगळं एकदम वाढलं होतं. कौलं उडाली म्हणून छपरांवर निळ्या ताडपत्र्या आल्या, ताडपत्रीच्या प्रत्येक घडीत पाणी. वाड्या आडव्या झालेल्या. कितीतरी दिवस वीज नाही, म्हणजे पंप नाही, म्हणून घरातलं प्रत्येक भांडं भरलेलं. वादळानंतर आपण छप्पर, पत्रे, धान्य बघतो आणि ते बरोबरच आहे, पण तिसऱ्या-चौथ्या दिवसापासून ताडपत्रीवरचं पाणी काठीने उडवून देणं हेही मदतकार्यच आहे.

आणि होड्या. १ जून ते ३१ जुलै यांत्रिक मासेमारी बंद असते. होड्या किनाऱ्यावर ओढलेल्या असतात, त्यांच्या कडेला धक्क्यासाठी बांधलेले जुने टायर तसेच लोंबकळत असतात आणि पावसाचं गोडं पाणी पोटात भरून घेतात. टायर कसाही फिरवला तरी त्यातलं पाणी निघत नाही, हे ज्याने प्रयत्न केलाय त्याला माहीत आहे. त्याला खालच्या बाजूने दोन-तीन भोकं पाडावीत, पाणी आपोआप गळतं. मासळीचे थर्मोकोलचे खोके आणि क्रेट उलटे घालून ठेवावेत. मोहल्ल्यातली आणि कोळीवाड्यातली तरुण मुलं मिळून एका रविवारी सगळ्या बंदरावरचे टायर सहज भोकसून येतील.

घरातल्या राहिलेल्या जागा थोडक्यात सांगतो. फ्रीजमागचा ट्रे, कूलरची टाकी, मनी प्लँटची बाटली, कुंडीखालची ताटली, पक्ष्यांचं आणि कोंबड्यांचं पाणी, गच्चीवरचं भंगार. फ्रीज ओढायचा कंटाळा येतो, म्हणून आम्ही आमचा फ्रीज चाकांच्या स्टँडवर ठेवला आहे.

कुलूपबंद घरं

हा विषय नाजूक आहे, कारण यात आपलेच चुलते, मामे आणि भाऊ आहेत. म्हसळा-श्रीवर्धन-मुरूड भागात कितीतरी बांधलेली सुंदर घरं वर्षातले अकरा महिने बंद असतात. घरवाले कुवेत-दुबईला किंवा मुंबईत, चावी शेजारच्या नातेवाइकाकडे. आत कमोडमध्ये पाणी, फ्लशच्या टाकीत पाणी, गच्चीवरच्या टाकीचं झाकण वाऱ्याने उडालेलं. आरोग्य कर्मचारी येतात, कुलूप बघतात, वहीत 'बंद' लिहून पुढे जातात. आजूबाजूच्या दहा घरांनी कितीही कोरडा दिवस पाळला तरी डास त्या एका घरातून येत राहतात.

जाताना गच्चीची टाकी पूर्ण रिकामी करून नळ उघडे सोडावेत. फ्लशची टाकी रिकामी करावी, कमोडवर झाकण पाडून त्यावर प्लॅस्टिक चिकटवावं आणि आतल्या पाण्यात थोडं खाण्याचं तेल ओतावं. न्हाणीच्या जाळीवर फरशीचा तुकडा ठेवावा. ज्याच्याकडे चावी आहे त्याला सांगावं की महिन्यातून दोनदा गच्चीवर जाऊन बघ. चावी ठेवून घेणाऱ्यानेही संकोच करू नये, फोन करून सरळ विचारावं, "भाईजान, टाकी रिकामी केली होती का?" यात राग येण्यासारखं काही नाही.

मशीद, मदरसा, कब्रस्तान

जुन्या मशिदींत वुजूसाठी हौज असतात आणि बऱ्याच ठिकाणी त्यांत पूर्वीपासून मासे आहेत. बुजुर्गांनी ते शोभेसाठी सोडले की डासांसाठी, अल्लाह जाणे, पण काम दोन्ही होतं. जिथे नाहीत तिथे सोडता येतील. माशांमुळे पाणी नापाक होतं का, अशी शंका कोणाला असेल तर इमामसाहेबांना विचारून घ्यावं आणि त्यांनीच ते जमातीला सांगितलेलं उत्तम. नळ बसवल्यापासून जे हौज वापरात नाहीत आणि अर्धे भरून पडले आहेत, ते ट्रस्टने एकतर कोरडे ठेवावेत किंवा मासे सोडावेत. वापरात नसलेला अर्धा भरलेला हौज गावात सर्वांत वाईट. कब्रस्तानात फुलांसाठी आणि झाडांसाठी ठेवलेले डबे, मडकी यांचीही तीच गोष्ट. त्यांच्या तळाला भोकं पाडावीत.

कोरडा दिवस शुक्रवार ठेवला तर आपल्याला लक्षात राहणं सोपं जातं. सकाळी गुस्ल, कपडे, साफसफाई असतेच. गुरुवारी संध्याकाळी पिंपातलं पाणी वापरून संपवायचं, शुक्रवारी सकाळी घासून उन्हात किंवा वाऱ्यावर उलटं घालायचं, जुम्याहून आल्यावर भरायचं. नळाचा दिवस वेगळा असेल तर त्याच्या आदल्या दिवशी करावं. एक गोष्ट मात्र स्पष्ट सांगतो. हे काम घरातल्या बायांच्या यादीत आणखी एक म्हणून टाकू नका. पिंप ओतणं, टाकीवर चढणं, पन्हळ साफ करणं ही अंगमेहनतीची कामं आहेत आणि घरात दहावी-बारावीतले मुलगे आहेत.

धुराची गाडी आली की लोकांना बरं वाटतं. त्या धुराने उडणारे डास काही प्रमाणात मरतात, अळ्यांना काहीच होत नाही. शिवाय एडिस घरात, पलंगाखाली आणि टांगलेल्या कपड्यांमागे बसलेला असतो, आणि धूर आला की आपण खिडक्या लावून घेतो! साथ असेल तेव्हा फवारणीचा उपयोग आहे, पण ती झाली म्हणून शुक्रवार चुकवू नये. कर्मचारी वापरायच्या पाण्यात टेमीफॉस टाकून गेले तर वास येतो म्हणून ते ओतून देऊ नका. जुमेरातीचा ऊद-लोबान घराला सुगंध देतो, डासांवरचा इलाज म्हणून त्याच्यावर विसंबू नका. आणि बंद खोलीत कॉइल लावून लहान बाळाला झोपवणं तर टाळाच.

रात्री मच्छरदाणी हा सर्वांत भरवशाचा उपाय, औषध लावलेली मिळाली तर फारच छान. बाळ दुपारी झोपतं तेव्हाही मच्छरदाणी हवी, कारण एडिस दुपारचाच. खिडक्यांना जाळ्या, मुलांना पूर्ण बाह्यांचे कपडे आणि शाळेत पायमोजे. मगरिबच्या वेळी मुलांना अंगणातून आत घेण्याची आपल्या आज्ज्यांची सवय डासांच्या हिशोबानेही बरोबर होती.

ताप आला तर

पावसाळ्यातला कोणताही ताप चोवीस तासांत रक्त तपासल्याशिवाय सोडू नये. मलेरियाची तपासणी आणि औषधं सरकारी केंद्रात मोफत आहेत, आणि बऱ्याच आशाताईंकडे जागेवर तपासायचं किटही असतं. डेंग्यूसाठी पहिल्या पाच दिवसांत एनएस-१ तपासणी, त्यानंतर आयजीएम. झटपट पट्टीवरच्या तपासणीपेक्षा एलायझा पद्धतीची तपासणी जास्त विश्वासाची, आणि तिची किट पुण्याच्या राष्ट्रीय विषाणू विज्ञान संस्थेतून सरकारी प्रयोगशाळांना पुरवली जातात.

तपासणीचं उत्तर येईपर्यंत तापावर फक्त पॅरासिटामॉल, तेही मुलांना वजनाप्रमाणे. ॲस्पिरिन, आयब्रुफेन, डायक्लोफेनॅक यांच्या गोळ्या किंवा इंजेक्शनं घेऊ नयेत. डेंग्यूत त्यांनी रक्तस्राव वाढू शकतो. आमच्या मुलीला दिलेलं इंजेक्शन कसलं होतं ते आम्ही त्या वेळी विचारलंच नाही. विचारा. डॉक्टरांना प्रश्न विचारण्यात बेअदबी नाही.

डेंग्यूत पाणी, ओआरएस, पेज, शहाळं, सरबत पोटात जात राहिलं पाहिजे. ताप साधारण तिसऱ्या ते सातव्या दिवसाच्या दरम्यान उतरतो आणि नेमका तेव्हाच शरीरातल्या बारीक रक्तवाहिन्यांतून द्रव पाझरू लागण्याचा धोका असतो. पुढचे २४ ते ४८ तास माणसावर नजर ठेवा. पोटात सतत दुखणं, वारंवार उलट्या, हिरड्या-नाकातून रक्त, काळी शौच, हातपाय गार पडणं, लघवी कमी होणं, गुंगी किंवा चिडचिड, यांतलं एक जरी दिसलं तरी सकाळची वाट पाहू नये. आपल्या किनाऱ्यावर याला जास्त महत्त्व आहे, कारण मोठं रुग्णालय लांब. दिघी-आगरदांडा फेरीबोट रात्री मिळत नाही, आणि माणगाव किंवा अलिबाग गाठायचं तर पावसातल्या रस्त्याला वेळ लागतोच. म्हणून लक्षण दिसताच १०८ ला फोन करा आणि संध्याकाळच्या आत निघा.

प्लेटलेटच्या आकड्याने घरोघरी घबराट होते. आकडा खाली आला म्हणून लगेच प्लेटलेट चढवत नाहीत, रक्तस्राव होतोय का, रक्त घट्ट होतंय का हे डॉक्टर बघतात. पपईच्या पानांचा रस गाळून पाजत बसण्यात वेळ गेला आणि रुग्णालय उशिरा गाठलं, असं होऊ देऊ नका. डेंग्यूच्या विषाणूचे चार प्रकार आहेत, त्यामुळे एकदा झाला म्हणजे सुटलो असं नसतं. दुसऱ्यांदा झालेला डेंग्यू जास्त जड जाऊ शकतो. चिकुनगुनियात जीवाला धोका कमी, पण सांधे महिनोन्महिने धरतात. आपल्या राज्यात १९७३ मध्ये बार्शीला त्याची साथ आली होती, मग जवळजवळ तीन दशकं तो दिसेनासा झाला आणि २००६ मध्ये पुन्हा मोठ्या प्रमाणात पसरला.

मलेरियाच्या बाबतीत आपली चूक वेगळी. व्हायवॅक्स प्रकारात तीन दिवस क्लोरोक्विन आणि १४ दिवस प्रायमाक्विन घ्यायचं असतं. तीन दिवसांत ताप जातो आणि उरलेल्या गोळ्या कपाटात जातात. यकृतात दडलेले जंतू तसेच राहतात आणि दोन-चार महिन्यांनी ताप परत येतो, मग आपण म्हणतो 'जुना मलेरिया उलटला'. तो उलटत नाही, आपण तो अर्धा सोडलेला असतो. गरोदर बाई आणि लहान बाळ यांना प्रायमाक्विन देत नाहीत, आणि काही जणांच्या रक्तात जी-६-पीडी नावाचं द्रव्य कमी असतं, त्यांना ते चालत नाही. लघवी काळपट झाली तर गोळी थांबवून लगेच डॉक्टरांकडे जावं. जहाजावर काम करणारे आपले भाऊ आफ्रिकेच्या बंदरांवर जातात, तिकडचा फाल्सिपेरम मलेरिया फार वेगाने गंभीर होतो. घरी आल्यावर महिन्या-दोन महिन्यांत ताप आला तर 'मी अमुक देशातून आलोय' हे डॉक्टरांना पहिल्या वाक्यात सांगा.

भातलावणी करणाऱ्यांना किंवा पुराच्या पाण्यातून चाललेल्यांना ताप, डोळ्यांत लाली आणि पोटऱ्यांत दुखणं असेल तर तो लेप्टो असू शकतो. तो डासांमुळे होत नाही, उंदरांच्या लघवीने दूषित झालेल्या पाण्यातून होतो, पण पहिल्या दोन दिवसांत दोघांत फरक करणं कठीण. शेतात उतरला होतात का, पायाला जखम आहे का, हेही डॉक्टरांना सांगावं.

आमच्या घरी आता शुक्रवारी सकाळी फ्रीज ओढण्याचं काम धाकटीकडे आहे. ती टॉर्च लावून ट्रे बघते, कोरडा असला तर ओरडून सांगते, आणि मग आम्हाला शिडी घेऊन पन्हळीकडे पाठवते.